दिवसाची लाइट

रात्री दीड वाजता तुम्ही काय करत असता? खरं सांगा. सबमिशनची रात्र नसेल तर रील्स, नाहीतर ‘हा शेवटचा’ म्हणत लावलेला चौथा एपिसोड. मीही त्यातलीच. पण गेल्या जानेवारीत बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते, तेव्हा रात्री दीड वाजता मी कांद्याच्या वावरात उभी होते. अंगात दोन स्वेटर, पायात काकूंच्या चपला, आणि पुढं चिखलात अनवाणी उतरलेले काका दारं धरत होते.

शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. दारं धरणं म्हणजे पाटातून आलेलं पाणी एकेका वाफ्यात सोडणं. वाफा भरला की खोऱ्यानं त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. मी काकांना विचारलं होतं, ‘मोटरला ऑटो स्विच आहे ना? मग तुम्ही झोपा की.’ ते हसले. ‘मोटर आपोआप चालू हुती गं पोरी. पाण्याला कुठं अक्कल हाय कुठल्या वाफ्यात जायाचं त्याची?’

आमच्याकडे विजेला कुणी वीज म्हणत नाही, लाइट म्हणतात. ‘लाइट आली’ म्हणजे घरातला दिवा लागला असं नाही, विहिरीवरची मोटर सुरू झाली. आणि बॅटरी म्हणजे टॉर्च. त्या रात्री आमच्या बाजूच्या शिवारात अशा पाच-सहा बॅटऱ्या हलताना दिसत होत्या. ओढ्याच्या पलीकडे मात्र मिट्ट काळोख. तिकडं कुणी पाणी देत नाही का, असं मी विचारलं. काका म्हणाले, ‘त्यास्नी दिवसाची लाइट हाय आता. सोलरची. झोपल्यात निवांत.’

त्या वाक्यात थोडा हेवा होता. काकांचं वय अठ्ठावन्न.

परत आल्यावर ‘रिन्यूएबल एनर्जीवर यूथला आवडेल असं काहीतरी लिही’ अशी असाइनमेंट मिळाली, तेव्हा मला ते ओढ्यापलीकडचं गाव आठवलं. सगळे लिहितात ते आकडे मीही काढलेच. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता हे भारताचं उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यात देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा अशा स्रोतांचा झाला, ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. मोठी गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय. पण ‘स्थापित क्षमता’ हा शब्द जरा जपून वाचा. आपल्या वर्गाच्या पटावर साठ नावं असतात आणि सकाळच्या लेक्चरला किती असतात, ते तुम्हाला माहीत आहे. स्थापित क्षमता म्हणजे पट. प्रत्यक्ष तयार झालेली वीज म्हणजे हजेरी. सौर प्रकल्पाची वर्षभराची सरासरी हजेरी १७ ते २५ टक्क्यांच्या आसपास असते, कारण रात्र असते, ढग असतात, सकाळचं कोवळं ऊन असतं. म्हणून पटावर निम्मे असूनही देशात वापरली जाणारी साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त वीज अजून कोळशातूनच येते.

त्यामुळे ‘वीज किती’ यापेक्षा ‘वीज कधी’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटायला लागला. काकांच्या झोपेचा प्रश्नही तोच आहे.

रात्रीची पाळी आली कुठून?

राज्यात शेतीपंपांना तीन फेजची वीज वर्षानुवर्षं पाळीनं मिळत आली आहे. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री आठ-दहा तास. लहानपणी मला वाटायचं, हा निव्वळ खडूसपणा आहे. त्यामागे एक तांत्रिक कारण आहे, हे मला आत्ता कळलं.

वीज तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. तारांमध्ये ती साठून राहत नाही. मागणी आणि पुरवठा यांचा तोल सतत सांभाळला जातो, आणि तो सांभाळला गेला की देशभरातल्या जाळ्याची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या जवळ राहते. तोल गेला की काय होतं, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतानं बघितलंय. आणि ५ एप्रिल २०२० ची रात्र तर तुम्हाला स्वतःलाही आठवत असेल. लॉकडाऊन, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. आपण गॅलरीत मेणबत्त्या घेऊन उभे होतो, तेव्हा ग्रिड सांभाळणाऱ्या इंजिनिअर्सच्या पोटात गोळा आला होता. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनं खाली आली आणि लगेच परत वर गेली. ते सांभाळलं मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी, कारण पाण्याची टर्बाइन्स झटपट कमी-जास्त करता येतात.

कोळशाचं तसं नाही. औष्णिक केंद्राचा बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे. रात्री मागणी घटली म्हणून बंद केला आणि पहाटे पेटवला, असं होत नाही. तो मंद का होईना, चालू ठेवावा लागतो. म्हणजे रात्री कारखाने, ऑफिसं, दुकानं शांत झाल्यावर वीज उरते. ती घेणार कोण? ज्याचं काम वेळेला बांधलेलं नाही तो. पिकाला पाणी दुपारी दोनला मिळालं काय नि रात्री दोनला मिळालं काय, पिकाला चालतं. चालत नाही ते माणसाला. मण्यार रात्रीच हिंडते. जुन्नरकडच्या उसात बिबट्या असतो. ओल्या हातानं स्टार्टर चाचपडावा लागतो. हिशेबाच्या वहीत पिकाची सोय मांडली गेली, माणसाची गैरसोय मांडायला रकाना नव्हता.

सौर विजेनं हे गणित उलटं केलं. आता विजेची रेलचेल दुपारी असते आणि तीही स्वस्त. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या एका लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला होता. राजस्थानात तर अलीकडे काही दुपारी तयार होणारी सगळी वीज उचलता येत नाही म्हणून सौर प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावं लागतंय. म्हणजे जो न्याय इतकी वर्षं शेतकऱ्याला रात्री उठवत होता, तोच न्याय आता म्हणतोय की पंप दुपारी चालवा. काकांवर कुणी उपकार करत नाहीये. या वेळी ग्रिडची सोय आणि काकांची सोय एकाच वेळेला आली आहे, इतकंच.

ओढ्यापलीकडे

मग मी ओढ्यापलीकडे गेले. भर दुपारी.

गावाबाहेरच्या मुरमाड माळावर साधारण वीस एकरांत निळ्या-काळ्या पॅनेलच्या रांगा, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. एक मेगावॉटला साधारण चार एकर लागतात, हा तिथला हिशेब. आवाज जवळजवळ नाहीच, फक्त इन्व्हर्टरपाशी एक बारीक गुणगुण. पॅनेलमधून निघणारी डीसी वीज तिथं एसी होते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब वाढतो आणि ती थोड्या अंतरावरच्या सबस्टेशनमध्ये जाते. तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरवर गावातले पंप चालतात. तिथल्या ऑपरेटरनं, शेजारच्याच गावातला आयटीआय झालेला मुलगा, मला विचारलं, ‘मॅडम, सगळ्यात भारी वीज कुठल्या महिन्यात होत असंल?’ मी छातीठोकपणे मे म्हणाले. चूक! पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मेमध्ये पॅनेल साठ अंशांच्या पुढं तापतं, म्हणजे दहा-बारा टक्के तिथंच गेले. त्याला ऊन हवं असतं, उकाडा नको असतो. तो म्हणाला, ‘आपल्यासारखंच हाय त्याचं.’ मेमध्ये दिवस मोठा असतो, त्यामुळे एकूण बेरीज तशी बरी भरते. पण जानेवारीतल्या लख्ख थंड दुपारी, नेमकं कांद्याला पाणी हवं असतं तेव्हा, पॅनेल खूश असतं.

ही जी योजना आहे ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये सुरू झाली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथं पहिले प्रयोग झाले. मग बरीच वर्षं रखडत चालली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. सबस्टेशनच्या जवळपासची जमीन भाड्यानं घ्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख. आणि वीज युनिटला ३ रुपयांच्या आसपास दरानं, २५ वर्षांच्या करारानं. या आवृत्तीतला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला झाला, तीन मेगावॉटचा. आता उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं आहे.

सोळा हजार हा आकडा डोक्यावरून जातो, म्हणून लहान करून सांगते. पाच एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॉट. आठ तास चालली की तीस युनिट. तुमचा फोन एका युनिटमध्ये पन्नासेक वेळा पूर्ण चार्ज होतो. म्हणजे काकांची एका पाळीची वीज म्हणजे तुमची चार वर्षांची चार्जिंग, रोज एकदा धरून. एक मेगावॉटच्या प्रकल्पावर पूर्ण उन्हात अशा अडीचशेहून जास्त मोटरी चालू शकतात.

आणि एक गैरसमज माझाही होता, तुमचाही असेल. ढग आले की मोटर बंद पडते का? नाही. हा फीडर ग्रिडपासून तोडलेला नसतो. ऊन कमी पडलं की बाकीच्या जाळ्यातून वीज येते, आणि पावसाळ्यात कुणी पाणी देत नसलं की सौर वीज उलट जाळ्यात जाते. तुम्ही ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’च्या जाहिराती बघितल्या असतील, ती गोष्ट वेगळी. त्यात शेतकरी दहा टक्के रक्कम भरतो (अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के) आणि पंप त्याच्या स्वतःच्या पॅनेलवर चालतो. तिथं मात्र आभाळ आलं की मोटर हळू. काकांच्या शेजाऱ्यांनी तो घेतलाय आणि ते खूश आहेत. काका म्हणतात, मला फीडरच पाहिजे. हा वाद पारावर रोज होतो, मी त्यात पडले नाही.

सगळं गोड आहे, असं लिहिणं मात्र बरोबर नाही. त्या माळाच्या कुंपणाबाहेर एक आजी शेळ्या घेऊन उभ्या होत्या. आधी शेळ्या तिथंच चरायच्या, आता वळसा घालून लांब जावं लागतं. या योजनेत गायरानंही दिली जातात, आणि गायरान म्हणजे कागदावर सरकारी, पण ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही त्यांचं तेवढंच काय ते असतं. दिवसाची लाइट जमीनवाल्याला मिळाली, कुंपण आजींच्या वाट्याला आलं. ग्रामपंचायतीच्या पाच लाखांतून त्यांच्यासाठी चाऱ्याचं काही करता येईल का, असं मी तिथं एकाला विचारलं. तो म्हणाला, ‘कल्पना चांगली आहे.’ ही कुठल्या प्रकारची ‘चांगली’ असते, ते आपल्याला कॉलेजच्या कमिट्यांमुळे माहीत आहे.

दुसरी काळजी पाण्याची. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात २०२४ पासून पाच वर्षांसाठी वीज मोफत आहे. मोफत वीज, तीही दिवसा, न उठता, न भिता. मग मोटर बंद कोण करणार? रात्रीच्या त्रासाला एक नकोसा फायदा होता, माणूस कंटाळून मोटर बंद करायचा. बोअर सहाशे फुटांवर गेलेल्या भागात हे बोलायलाच हवं.

आणि संध्याकाळी सातला?

आता तुमच्याकडे येते. म्हणजे आपल्याकडे.

सूर्य मावळतो आणि त्याच वेळी आपण सगळे घरी, रूमवर, होस्टेलला परत येतो. दिवे, पंखे, कूलर, एसी, गीझर, मिक्सर, टीव्ही, चार्जर. दुपारी सौर विजेमुळे बाकीच्या केंद्रांवरचा भार घसरतो आणि संध्याकाळी दोन-तीन तासांत तो कड्यासारखा सरळ वर चढतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी २०१३ मध्ये या आलेखाला ‘डक कर्व्ह’ म्हटलं, कारण तो बदकासारखा दिसतो, पोट खाली आणि मान वर. काकांचा पंप दुपारवर नेता येतो. माझा रात्री आठचा वरणभात नाही नेता येत. त्यामुळे दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवायची, हा आता या क्षेत्रातला सगळ्यात मोठा खेळ आहे.

त्यातला एक खेळ तुम्ही कदाचित बघितलाय, ओळखला नसेल. सांदण व्हॅलीला किंवा रतनगडला गेला असाल, काजवे बघायला भंडारदऱ्याला गेला असाल, तर तिथून घाटघर जवळच. तिथं कड्यावर एक धरण आहे आणि खाली कोकणात, शहापूर तालुक्यातल्या चोंढे इथं दुसरं. मध्ये डोंगराच्या पोटात २५० मेगावॉटचं केंद्र. वरचं पाणी खाली सोडलं की वीज तयार होते. वीज उरली की तीच यंत्रं उलटी फिरतात आणि पाणी परत वर चढवतात. चढवायला लागलेल्या प्रत्येक शंभर युनिटमागे पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, म्हणजे तोटाच. पण नको तेव्हाची वीज हवी तेव्हा मिळते. हे केंद्र २००८ च्या सुमाराला सुरू झालं तेव्हा हिशेब काकांसारखाच होता: रात्री कोळशाची वीज उरते, तेव्हा पाणी वर न्यायचं. आता नवीन येणारे असे प्रकल्प दुपारी पाणी वर नेण्याच्या हिशेबानं आखले जातात. भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॉटचे असे प्रकल्प करण्यासाठी राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांचा २०२३ मध्ये करार झाला. याच सह्याद्रीतलं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला सुरुवात झाली होती. अर्थात घाटातलं जंगल किती जाणार, हा प्रश्न इथंही आहेच, आणि ट्रेकर्सनी तो विचारावा.

दुसरा खेळ बॅटरीचा. काकांची नव्हे, कंटेनरएवढी. तुमच्या फोनमध्ये आहे त्याच लिथियम-आयन कुळातली, फक्त ग्रिडसाठी बहुतेक लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, जी जड असते पण स्वस्त आणि जास्त सुरक्षित. गोंदियाच्या शेजारी राजनांदगावला सौर प्रकल्पाला जोडलेली अशी १२० मेगावॉट-तासांची बॅटरी २०२४ मध्ये सुरू झाली. भाव कसे पडले बघा: २०२२ च्या लिलावात बॅटरीचं भाडं मेगावॉटमागे महिन्याला दहा लाखांच्या वर होतं. २०२५ पर्यंत, सरकारी मदत धरून, ते अडीच लाखांच्या खाली आलं. इलेक्ट्रिकलचे, केमिस्ट्रीचे, मटेरिअल सायन्सचे लोक हे वाचत असतील तर, भावांनो आणि बहिणींनो, कोडिंगशिवायही जग आहे.

तिसरा उपाय म्हणजे आपल्या खिशातून. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे सौर तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत जास्त ठेवायचा आहे. शेतीला यातून सूट आहे. राज्यात स्मार्ट मीटर बसलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सवलत सुरू झाली आहे. स्मार्ट मीटरवरून किती भांडणं चालू आहेत ते पेपरच्या दुसऱ्या पानावर वाचालच. पण वॉशिंग मशीन आणि इलेक्ट्रिक स्कूटर दुपारी लावायची, हे गणित साधं आहे. आमच्या फ्लॅटवर मी हा प्रस्ताव मांडला. ‘दुपारी घरी कोण असतं?’ असं रूममेटनं विचारलं. तिचंही बरोबर आहे.

हे लिहून झाल्यावर, मंगळवारी रात्री सव्वाअकराला मी काकांना फोन केला. आपल्या गावाच्या सोलरचं कुठवर आलं?

‘खांब आल्यात. तारा यायच्यात.’

‘मग या आठवड्यात पाळी कुठली?’

‘रातचीच. बॅटरी चार्जिंगला लावलीया.’ मग मागून काकूंचा आवाज, विहिरीवर बल्ब लागल्याचा. ‘ठिवतो गं, लाइट आली,’ म्हणाले, आणि फोन बंद झाला.